वाचणारी यंत्रे

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात १८०३ साली कोरलेला एक मराठी शिलालेख आहे. भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा हा लांबलचक मजकूर दुसऱ्या सरफोजीराजांनी कोरून घेतला. मराठी वाचता येणाऱ्या कोणालाही तो आजही भिंतीसमोर उभे राहून वाचता येतो. मंदिरापासून जवळच, राजवाड्यात, सरस्वती महाल ग्रंथालय आहे. तिथे याच राज्याच्या कारभाराचे मोडी दप्तर आहे, १३००हून अधिक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे. ते वाचायला नुसते डोळे पुरत नाहीत. मोडी शिकलेला माणूस लागतो, आणि असा माणूस तंजावरातच काय, पुण्यातही शोधावा लागतो. याच ग्रंथालयात १९९८ साली संगणक आले आणि सूची त्यांवर घेण्याचे काम सुरू झाले. त्या पिढीच्या संगणकांवर लिहिलेल्या मजकुराला डोळे आणि शिकलेला माणूस दोन्ही असूनही भागत नाही. तबकडी फिरवणारी ड्राइव्ह लागते, तिचे बोलणे समजणारे कंट्रोलर कार्ड लागते, कार्डाला जागा देणारा मदरबोर्ड लागतो, त्या काळची कार्यप्रणाली लागते, मजकूर ज्यात जुळवला ते सॉफ्टवेअर लागते, आणि शेवटी तो फॉन्ट लागतो. यातले एक जरी हरवले, तर तबकडी धडधाकट असूनही मजकूर गेल्यातच जमा.

हे पुस्तक या साखळीविषयी आहे. जुने संगणक आणि त्यांची साठवणसाधने चालू कशी ठेवावीत, बिघडली तर दुरुस्त कशी करावीत आणि दुरुस्तीपलीकडे गेली तर त्यांतला मजकूर बाहेर कसा काढावा, हे त्यात सांगितले आहे. लेखकाने ते तंजावरात राहून लिहिले आहे. कावेरीच्या खोऱ्यातली दमट हवा आणि ऑक्टोबर ते डिसेंबरचा ईशान्य मोसमी पाऊस यांचा विचार त्यामुळे पानोपानी येतो. परदेशी पुस्तके कोरड्या, थंड खोलीतले संगणक गृहीत धरतात. आपले संगणक माळ्यावर, छापखान्याच्या मागच्या खोलीत आणि बंद पडलेल्या शाळेच्या कपाटात असतात.

जुने संगणक जपणे हा सवड असलेल्या लोकांचा छंद, अशी आपल्याकडे समजूत आहे. छंद म्हणूनही त्याला मान असावा. पण मला या विषयाचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी वाटते. विसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत माणसांनी जे लिहिले, मोजले, रेखाटले, त्यातले पुष्कळसे असे आहे की ते यंत्रावाचून वाचता येत नाही. तबकड्या जपणारे लोक सापडतात. तबकडी वाचणारे यंत्र मात्र पहिल्यांदा भंगारात जाते, कारण नवे आले की जुने निरुपयोगी वाटते. मोडीचे असेच झाले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळांतून गेली, रुमाल राहिले आणि वाचक संपत आले. मोडी निदान पुस्तकावरून पुन्हा शिकता येते. बाजारातून नाहीशी झालेली ड्राइव्ह पुस्तकावरून पुन्हा घडवता येत नाही.

याचे मला ठाऊक असलेले सर्वात बोलके उदाहरण चंद्राचे आहे. १९६६ आणि १९६७ मध्ये अमेरिकेच्या पाच लुनार ऑर्बिटर यानांनी चंद्राची छायाचित्रे पाठवली. ती चुंबकीय फितींवर नोंदवली गेली आणि फिती जपूनही ठेवल्या गेल्या. पण त्या वाचणारी अँपेक्स एफआर-९०० यंत्रे दुर्मीळ होत गेली. नॅन्सी इव्हान्स या अभिलेखपालांनी अशी काही अवजड यंत्रे टाकून देऊ दिली नाहीत, स्वतःच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे सांभाळली. पुढे नासाच्या एम्स केंद्राच्या आवारात, पूर्वी मॅकडॉनल्ड्सचे उपाहारगृह असलेल्या इमारतीत ती दुरुस्त करण्यात आली. २००८ मध्ये चंद्राच्या क्षितिजावरून दिसणाऱ्या पृथ्वीचे १९६६ चे छायाचित्र मुळात प्रसिद्ध झाले होते त्याहून कितीतरी स्पष्ट रूपात जगासमोर आले. सगळा तपशील फितीवर पहिल्यापासून होताच. तो वाचणारे यंत्र एका बाईंच्या गॅरेजमुळे वाचले.

ब्रिटनमध्ये उलट घडले. १०८६ च्या डूम्सडे बुक या जमीनपाहणीला ९०० वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने नवी पाहणी केली, तीत दहा लाखांहून अधिक लोकांनी भाग घेतला आणि ती लेसर तबकड्यांवर साठवली. १०८६ चे चर्मपत्र आजही वाचता येते. १९८६ ची तबकडी पंधरा वर्षांतच अडचणीत आली, कारण तिचा विशिष्ट प्लेअर आणि त्याला जोडायचा बीबीसी मास्टर संगणक दोन्ही विरळ झाले. लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांतल्या लोकांना ती वाचण्यासाठी मुद्दाम प्रकल्प हाती घ्यावा लागला.

साठवणीचा इतिहास थोडक्यात असा. छिद्र पाडलेली कार्डे, मग चुंबकीय फीत. १९५६ मध्ये आयबीएमची रॅमॅक आली, चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्यांची, ५० लाख अक्षरे मावणारी पहिली व्यापारी हार्ड डिस्क. १९७१ मध्ये आठ इंची फ्लॉपी, १९७६ मध्ये सव्वापाच इंची, १९८० च्या दशकाच्या आरंभी साडेतीन इंची. १९८० मध्ये सीगेटची पाच मेगाबाइटची छोटी हार्ड डिस्क, आणि तिथून घरगुती संगणकात हार्ड डिस्क शिरली. मग सायक्वेस्टची काडतुसे, झिप ड्राइव्ह, सीडी. यातले प्रत्येक माध्यम आपल्या जागी कायमचे वाटले होते.

भारतात हा इतिहास दुरुस्तीच्या अंगाने अधिक रंजक आहे, आणि पुस्तकातला हा भाग मला विशेष आवडला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मुंबईत स्वतः बांधलेला टिफरॅक १९६० मध्ये कामाला लागला. आयआयटी कानपूरला १९६३ मध्ये आयबीएम १६२० आला. १९७८ मध्ये आयबीएमने भारत सोडला तेव्हा तिची यंत्रे इथेच राहिली, आणि ती चालू ठेवण्याचे काम १९७५ मध्ये स्थापन झालेल्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनकडे आले. एका सरकारी कंपनीच्या नावातच देखभाल होती, हे आज आठवत नाही कोणाला. सुटे भाग परदेशातून सहज मिळत नसल्यामुळे तिथल्या अभियंत्यांनी कार्डावरचा एकेक घटक तपासून, बदलून यंत्रे धावती ठेवली. आज अख्खे कार्ड फेकून नवे लावणाऱ्या तंत्रज्ञांना ती विद्या परकी आहे. पण चेन्नईच्या रिची स्ट्रीटला, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत ती अजून भेटते, आणि या पुस्तकातला सोल्डरिंगचा सगळा भाग त्याच परंपरेतला आहे.

यंत्रे मरतात कशी, हे समजल्याशिवाय ती जगवता येत नाहीत. नवख्या माणसाला वाटते की चुंबकीय पृष्ठभागावरचा मजकूर पुसट होत जात असणार. प्रत्यक्षात मजकूर बहुधा जागेवर असतो, भोवतालचे सामान आधी जाते. मदरबोर्डावर घड्याळासाठी बसवलेली निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी गळते आणि तिचा क्षार तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकतो. न वापरलेले, खोक्यात जपून ठेवलेले कितीतरी संगणक याच कारणाने गेले आहेत. पॉवर सप्लायमधले कागदी फिल्टर कपॅसिटर तडकतात, तडीतून दमट हवा शोषतात आणि बऱ्याच वर्षांनी वीज लावताच धूर सोडतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात किंवा पाझरतात. काही हार्ड डिस्कच्या आत हेड थांबवणारा रबराचा तुकडा काळाने विरघळून चिकट होतो, हेड त्यालाच धरून बसते, आणि तबकडी फिरूनही काही वाचता येत नाही. दुसऱ्या काही डिस्कमध्ये हेड थेट तबकडीलाच चिकटते आणि मोटरला ती सोडवता येत नाही. फितींचा चिकटद्रव ओल पिऊन बुळबुळीत होतो. अशी फीत पन्नास-पंचावन्न अंश सेल्सियस तापमानात काही तास ठेवली की ती थोडे दिवस वाचण्याजोगी होते, आणि त्या थोड्या दिवसांतच तिची प्रत करून घ्यावी लागते.

फ्लॉपीचा शत्रू बुरशी आहे. तंजावरसारख्या हवेत ती सर्रास असते. बुरशी लागलेली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये सरकवली की हेड घाण होते, आणि त्या घाणीने पुढची चांगली फ्लॉपीही खरवडली जाते. म्हणून आधी झडप सरकवून तबकडी उजेडात पाहायची, डाग दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, मगच ड्राइव्ह. सरस्वती महालात ताडपत्रांना लेमनग्रासचे तेल लावतात, पोथ्यांजवळ वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवतात. त्या माणसांना हा क्रम समजावून सांगावा लागत नाही.

सव्वापाच इंची फ्लॉपीची एक गोम पुस्तकात सविस्तर आहे, कारण तिने फार नुकसान केले आहे. ३६० किलोबाइटच्या ड्राइव्हचे मार्ग रुंद, १.२ मेगाबाइटच्या ड्राइव्हचे निम्म्या रुंदीचे. जुन्या फ्लॉपीवर नव्या ड्राइव्हने काही लिहिले की रुंद पट्ट्याच्या मध्यावर अरुंद पट्टा उमटतो आणि कडांना जुना मजकूर शिल्लक राहतो. मग जुन्या ड्राइव्हला दोन्ही एकदम ऐकू येतात आणि ती ‘वाचता येत नाही’ म्हणते. अशी फ्लॉपी खराब समजून टाकून देतात. ती खराब नसते.

या क्षेत्रात पंथ आहेत आणि त्यांच्यात वादही होतात. मूळ यंत्र मूळ भागांनिशी चालवावे, असा एकांचा आग्रह. ब्रिटनमध्ये ब्लेचली पार्कच्या आवारातल्या नॅशनल म्युझियम ऑफ कॉम्प्युटिंगमध्ये १९५१ चा हारवेल डेकाट्रॉन संगणक २०१२ मध्ये पुन्हा चालू झाला, तो या पंथाचा मानबिंदू. दुसरे म्हणतात, यंत्र मूळ ठेवा पण साठवण बदला. फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी पेनड्राइव्ह घेणारी गोटेक पेटी बसवा, जुन्या हार्ड डिस्कच्या जागी मेमरी कार्ड लावा. संगणकाला फरक कळत नाही. तिसरा पंथ अनुकरणाचा: जुन्या संगणकाची हुबेहूब वागणूक नव्या संगणकात सॉफ्टवेअरने उभी करायची. डॉसबॉक्स आणि सिमएच ही त्यातली रुळलेली नावे. चौथ्यांना यंत्राशी कर्तव्य नाही. मजकूर काढा, नव्या स्वरूपात आणा आणि पुढे चला.

तंजावरच्या परिसरात हा वाद संगणकाहून जुना आहे. ताडपत्र कीड खाते, म्हणून जीर्ण पोथी नकलून घ्यायची आणि जुनी आडिपेरुक्कु या सणाच्या दिवशी कावेरीत सोडायची, अशी इथली रूढी होती. नक्कल वेळेवर झाली तर ग्रंथ वाचला, नाही झाली तर नदीला मिळाला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कुंभकोणमच्या कॉलेजात शिकवणारे उ. वे. स्वामीनाथ अय्यर गावोगावी मिळेल ती मूळ पोथी शोधत राहिले, निरनिराळ्या पोथ्या ताडून पाठ ठरवत राहिले, म्हणून प्राचीन तमिळ ग्रंथ छापून हाती आले. एकाच नकलेवर भिस्त ठेवली असती तर चुकीच्या पाठावर समाधान मानावे लागले असते.

माझा कौल असा की चारही पंथ हवेत, पण क्रम चुकता कामा नये. आधी चुंबकीय ठसा जसाच्या तसा उतरवून घ्यावा. फ्लॉपी ड्राइव्ह स्वतः अक्षरे ओळखत नाही, ती नुसत्या विद्युत स्पंदांची मालिका देते; त्यातून अक्षरे काढण्याचे काम कंट्रोलरचे. ग्रीझविझल किंवा क्रायोफ्लक्स ही छोटी उपकरणे त्या स्पंदांमधले अंतरच नोंदवून ठेवतात, कोणताही अर्थ न लावता. मोडी कागदाचे आधी छायाचित्र घ्यावे आणि लिप्यंतर सवडीने करावे, तसेच हे. अर्थ लावण्यात चूक झाली तरी मूळ ठसा हाताशी राहतो. अनुकरण त्यानंतर. पण अनुकरण बरोबर आहे की नाही, हे तपासायला कुठेतरी एक खरे यंत्र धडधडत असलेच पाहिजे, आणि ठसा घ्यायलाही खरी ड्राइव्हच लागते. त्यामुळे पहिल्या पंथाला वगळून बाकीच्या तिघांना पाऊल टाकता येत नाही. पिवळे पडलेले प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरे करण्यात मात्र मी वेळ घालवणार नाही. पिवळा संगणक तितकाच चांगला वाचतो.

आता मराठीकडे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढची वीसेक वर्षे मराठी छपाई खिळ्यांवरून डीटीपीवर आली. दिवाळी अंक, कवितासंग्रह, संशोधनपत्रिका, लग्नपत्रिका, गावच्या यात्रेची पत्रके, सारे संगणकावर जुळवले गेले. पुस्तक छापून झाले, ब्रोमाइड किंवा ट्रेसिंग मुद्रकाकडे गेले आणि फाइल फ्लॉपीवर किंवा झिपवर राहिली. त्या फाइली पानजुळणीच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरच्या होत्या आणि त्यांत श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमचे फॉन्ट होते. या बहुतेक फॉन्टांत संगणक ‘क’ हे अक्षर साठवत नव्हता, आकारांचे तुकडे साठवत होता: अर्धा भाग, काना, वेलांटी, प्रत्येकाला रोमन अक्षराची किंवा चिन्हाची जागा. कोणत्या तुकड्याला कोणती जागा, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे. त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की समोर रोमन अक्षरांचा पाचोळा येतो. वर त्या सॉफ्टवेअरांना चोरी रोखण्यासाठी हार्डवेअर लॉक असे, प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टमध्ये खोचायचा. तो पोर्ट आजच्या लॅपटॉपला नाही. लॉक हरवला की विकत घेतलेले सॉफ्टवेअरही उघडत नाही.

याच काळात पुण्यात दुसरा मार्गही तयार होता. आयआयटी कानपूरला सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये जिस्ट तंत्रज्ञान म्हणून वाढले आणि इस्की ही संकेतपद्धती १९९१ मध्ये भारतीय मानक ठरली. इस्कीत अक्षराला संकेत असतो, आकाराच्या तुकड्याला नाही, आणि तो भारतातल्या प्रमुख ब्राह्मीजन्य लिप्यांना एकच. त्यामुळे इस्कीत साठवलेला मजकूर आज काही क्षणांत युनिकोडमध्ये येतो. ज्यांनी मानक पाळले त्यांचे लेखन वाचले. सुंदर वळणाच्या मागे जाऊन ज्यांनी फॉन्टचे संकेत पत्करले, त्यांच्या लेखनासाठी आज जुना संगणक, जुना विंडोज, जुना लॉक आणि जुना फॉन्ट यांची जुळवाजुळव करावी लागते. रूपांतरक आहेत आणि चांगले आहेत, पण संशयाच्या जागी मूळ फॉन्टात उमटलेले पान समोर लागतेच. जोडाक्षर आणि रफार अशा जागीच रूपांतरक अडखळतात. तमिळची कहाणी निराळी नाही. तिथे १९९९ मध्ये टॅम आणि टॅब ही मानके ठरली आणि २०१० मध्ये राज्य सरकार युनिकोडकडे वळले. मधल्या फाइली मधेच राहिल्या. तंजावरात मराठी आणि तमिळ या दोन्ही अडचणी एकाच शहरात भेटतात. मोडीलासुद्धा २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली. १९९५ चा एखादा मराठी दिवाळी अंक मात्र त्याच्या फाइलीतून आज थेट उघडत नाही.

यंत्रांचा नाश आता वेगाने होतो आहे, आणि त्याला चांगल्या हेतूचे कायदेही हातभार लावतात. ई-कचऱ्याचे नियम २०११, २०१६ आणि पुन्हा २०२२ मध्ये झाले. विषारी कचरा नीट हाताळला जावा, हे योग्यच. पण कार्यालये एकगठ्ठा जुने संगणक पुनर्चक्रीकरणाला देतात तेव्हा शेवटची चालू झिप ड्राइव्हही त्यात जाते आणि कपाटातल्या झिप तबकड्या मागे राहतात.

या पुस्तकाचा आवाका एवढा मोठा असला तरी लेखकाने स्वतःला एका कामाला बांधून घेतले आहे. वाचकाने स्क्रूड्रायव्हर हाती धरावा, हा त्यांचा हेतू. सिद्धांत आहे, पण टेबलावर उघड्या पडलेल्या यंत्राला धरून. भारतात मिळणाऱ्या भागांवर आणि साध्या हत्यारांवर भर आहे. मोठ्या संग्रहालयांची प्रयोगशाळा गृहीत धरलेली नाही. जिल्हा ग्रंथालय, छोटा छापखाना, निवृत्त शिक्षक, जुने डीटीपी ऑपरेटर डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले आहे. या ऑपरेटरांना कोणत्या फॉन्टात ‘श्र’ कुठल्या कळीवर होता हे बोटांनी आठवते. हे ज्ञान कुठल्याही माहितीपुस्तिकेत नाही, आणि लेखकाने ते विचारून टिपून घेतले ही या पुस्तकाची सर्वात मोलाची बाजू मला वाटते. एक गोष्ट मला हवी होती, ती नाही: कॅसेटवर साठवणाऱ्या १९८० च्या दशकातल्या घरगुती संगणकांविषयी, शाळांत आलेल्या बीबीसी मायक्रोविषयी, थोडे अधिक. पुढच्या आवृत्तीत ते यावे.

सरफोजीराजांनी तंजावरात देवनागरी छापखाना काढला, पाश्चात्त्य विज्ञानाची उपकरणे मागवली आणि त्याच हाताने जुन्या पोथ्या गोळा केल्या. नवे आले म्हणून जुने टाकायचे नाही, हा त्यांचा शिरस्ता होता. या पुस्तकाचा पिंड त्याच जातीचा आहे.

वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी, छापखान्यात किंवा संस्थेत पंचवीस-तीस वर्षांचा संगणक पडून असेल तर तो चालतो का हे पाहण्यासाठी बटण दाबू नका. आधी झाकण उघडा, मदरबोर्डावरची बॅटरी कापून बाजूला काढा, पॉवर सप्लाय जाणकाराला दाखवा. फ्लॉप्या आणि झिप तबकड्यांवर काय आहे, कोणी आणि कोणत्या सॉफ्टवेअरात जुळवले, हे आठवत असेल तितके कागदावर लिहून सोबत ठेवा. हार्डवेअर लॉक दिसला तर तो त्या संगणकापासून वेगळा करू नका. आणि भंगारवाल्याला काही देण्याआधी त्यातली फ्लॉपी किंवा झिप ड्राइव्ह काढून घ्या. ती तुम्हाला नको असली, तरी जवळच्या ग्रंथालयाला किंवा जुन्या डीटीपीवाल्याला विचारा. कोणाच्या तरी कपाटातल्या तबकड्या तिची वाट पाहत असतील.